किरकोळ

प्रवेश फी भरली त्या दिवशी वाटलं, संपलं.
आता नुसतं पोहायचं, सायकल मारायची, पळायचं,
आणि पळायला काय लागतं, पाय.
पतपेढीत एकोणीस वर्षं लोकांचे हप्ते मोजलेली बाई मी,
मला तरी ठाऊक असायला हवं होतं
की मुद्दलानं कुणी बुडत नाही.

पालिकेच्या तलावावर पैसे घेतले
आणि मग म्हणाले, डॉक्टरचा दाखला आणा.
डॉक्टर म्हणाले, वय त्रेचाळीस, ईसीजी काढूनच घेऊ.
ईसीजी बरा आला, लोह कमी आलं.
लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडलं, त्याचं वेगळं औषध.
अजून मी पाण्यात पायही घातला नव्हता.

सायकल जुनीच घेतली, काळबादेवीतून.
सातशे कमी करून घेतले म्हणून खुशीत
तीवर बसून थेट कन्नमवार नगरला आले
आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभ्यानं काम केलं.
मग आतून गादी शिवलेली चड्डी.
किंमत ऐकून दुकानदाराला विचारलं,
एकच आहे ना, की डझन?

सेक्रेटरी मेढेकर म्हणाले, दुचाकीला महिना शंभर.
अहो, हिला इंजिन नाही.
चाकं दोनच ना, म्हणाले, आणि पावती फाडली.

पहाटे पाचला द्रुतगती मार्गावर
रात्रीच्या बाटल्यांच्या काचा दिव्याखाली छान चमकतात.
कुणाची तरी पार्टी, ट्यूब माझी.

भूक तर मी धरलीच नव्हती.
केळेवाला बबन हल्ली मला लांबून बघूनच फणी तोडतो.
रात्री अकराला फ्रीजच्या उजेडात उभी राहून
मुलीच्या डब्यासाठी ठेवलेली उसळ खाल्ली मी, गार,
आणि सकाळी तिला कॅन्टीनचे साठ दिले.

क्लोरिननं केसांचा खराटा झाला, ते कापले.
कापायचे अडीचशे.
सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत,
ते खर्चात धरायचं की जमेत, अजून ठरत नाही.
डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून गळलं,
ते घसाऱ्यात टाकलं.

समुद्राची सवय हवी, म्हणून वेसावा.
चारला रिक्षा, कारण त्या वेळी दुसरं काही धावत नाही.
दशरथची होडी तासाला सहाशे, वर डिझेल.
मी पोहायचे म्हणजे काय, तर होडीमागे सोडलेल्या दोरीला
एक हात लावून पोहल्यासारखं करायचे.
दुसऱ्याच रविवारी मांडीला झार लागली.
नाक्यावरच्या चायनीज गाडीवाल्याला झोपेतून उठवून
व्हिनेगर आणलं दशरथनं.
गाडीवाल्यानं बाटलीचे पूर्ण पैसे लावले.

एके रात्री विश्रामनं विचारलं, एकूण किती झाले गं?
मी निम्मा आकडा सांगितला.
दुसऱ्याच्या दहा पैशांसाठी रात्री आठपर्यंत
ताळा जुळवत बसणारी मी,
माझ्या तोंडून खोटी बेरीज गेली, सहज, न अडखळता.
तो हं म्हणाला
आणि स्वतःचं जुनं बनियन घेऊन
माझ्या सायकलची साखळी पुसायला बसला.
त्याला आकडा कळला होता, असं वाटतं मला.
बनियन तसं जुनं नव्हतं.

गेल्या रविवारी परतताना नेहमीसारखे पैसे पुढे केले.
दशरथनं मोजले
आणि पन्नासची ओली नोट परत दिली.
कशाचे रे?
आज दोरी नाय धरली तुम्ही, बाय.
आणि वळून इंजिनाशी खटपट करू लागला.

मला तर आठवेचना.
कुठल्या लाटेला हात सुटला,
सुटला की मीच काढून घेतला,
आणि तेवढा वेळ मी कशाला धरून होते.

घरी येऊन वही उघडली.
सहा महिन्यांत डावी बाजू कोरीच होती.
तिथं लिहिलं: दशरथकडून, रुपये पन्नास.
बाबत, पुढे दोन टिंबं.
नोट वहीतच वाळत ठेवली आहे.
आज गुरुवार, अजून दमट लागते.